आठव्या फेरीनंतर

तांब्याची कांडी, करंगळीएवढी,
भट्टीत निवलेली, इतकी मऊ
की टाचणीनंही चरा उमटतो.
शिवलीला हत्तरकी तिला साच्यात सोडते.
साचा अक्कलकोट रोडच्या मौलालीनं कापून दिलाय,
आत एकच वळण, काटकोनाचं.
वरून दट्ट्या उतरतो.

प्रेसपाशी मी. बावीस वर्षं हेच.
कांडी वळणातून रेटली जाते, बाहेर येते,
होती तेवढीच जाड.
कुणाला पटणार नाही
की हिच्या आत काही मोडलंय.

मग हिरा. चार पैलूंचं टोक
पंधरा सेकंद टेकतं, उठतं.
भिंगाखाली चौकोनी खड्डा, त्याचे कर्ण मोजायचे.
जखम जितकी लहान तितका धातू कठीण, मी म्हणालो.
ती म्हणाली, येमूलकाका, आकडा सांगा.

पन्नास होता.
एका फेरीनंतर एकशे दहा.
दुसरीला एकशे चोवीस, चौथीला चौतीस,
आठवीला छत्तीस.
एवढंच?
एवढंच काका. आता कण याहून बारीक होत नाहीत,
मोडतात तेवढेच आतल्या आत सावरतात.

दुपारी तिच्या डब्यात मंद्रूपची कडक भाकरी.
टिचकी मारली तर वाजते,
शेंगाचटणीला टेकवायच्या आत कटकन तुटते.
ही कडक आणि ती कठीण, फरक काय गं?
ही वाळून झाली, ती म्हणाली. ती वळून.

मला अम्माचं बोट आठवलं,
रोजच्या हजार विड्यांनी घट्टा पडलेलं.
बोललो नाही. तांबं ते तांबं,
त्याला कुणी हजेरी लावायला सांगत नाही.

एक कांडी तिनं मुद्दाम पुन्हा भट्टीत ठेवली होती,
तीनशे अंशांवर, तासभर.
बावन्न.
आठ फेऱ्यांतलं काही म्हणजे काही आठवत नाही तिला.
शिवलीलेनं आकडा लिहिला, खाली रेघ मारली,
आणि बराच वेळ पेनाचं टोपण लावलं नाही.

त्या कांडीला बांधलेली तार मी खिशात टाकली,
भट्टीनं काळी पडलेली.
रात्री घरी, शेजारच्या मागांचा खडखडाट चालू असताना,
बोटाभोवती गुंडाळली. दोऱ्यासारखी आली.
मग सरळ करायला घेतली.
सगळी झाली,
जिथं वाकली होती ती जागा सोडून.