कपडे म्हातारे करणारी

माझं काम विचारलंत तर सांगते :
मी कपडे म्हातारे करते.
हेंगदियानमध्ये, खोट्या राजवाड्याच्या मागे
खऱ्या गटारापाशी एक पत्र्याची शेड आहे,
तिथे.

सोमवारी सूचौहून खोका आला.
पातळ कागदाच्या घड्यांखाली एक पांढरा झगा,
पांढऱ्यावर पांढऱ्याच रेशमाचे सारस,
दिवा तिरपा धरला तरच उडणारे.
चार बायका, पाच महिने,
एका धाग्याचे सोळा पदर सोडवून.
त्यांतल्या एकीनं अस्तराच्या आत, काखेपाशी,
आणखी एक सारस भरला होता, मान मुडपून झोपलेला,
कॅमेऱ्याला जन्मात न दिसणारा.
चू बाई म्हणाल्या,
"गुरुवारपर्यंत नऊशे वर्षांचा कर."

मी चहाचं आधण ठेवलं.
किसणी, पॉलिशपेपर, तारेचा ब्रश, खिळ्यांचं गंजपाणी,
आणि बाह्यांत भरायला नदीतले गोटे :
ओझ्यानं खांदे ओघळतात कापडाचेही.
पण झिजवू कुठे?
हमाल असता तर डोळे मिटून सांगितलं असतं.
आचारी असता तर पोटावर, कारकून असता तर कोपरांवर.
हा पडला सिद्धपुरुष. ढगात राहतो.
घाम नाही, म्हणजे गळपट्टी कोरी.
कुणापुढे गुडघे टेकत नाही.
जेवतच नाही तर सांडेल काय?
चालतो तोही जमिनीच्या वीतभर वरून,
घेराला चिखल कुठून लागणार!
नऊशे वर्षांत ज्याला काहीच घासून गेलं नाही
त्याचं वस्त्र विरावं कसं?

रात्री अडीच वाजता संहिता पुन्हा चाळली.
बोट एका ओळीवर थांबलं :
तो वाट पाहतो.

एवढंच ना? मग मला येतं.
बाबा दोंगग्वानच्या कारखान्यात, वर्षातून एकदा, वसंताच्या सणाला घरी.
आई दारात उभी राहायची
आणि उजव्या बाहीचा काठ
अंगठा नि बोटाच्या चिमटीत चोळत राहायची.
तिचं निळं जाकीट बाकी अगदी धडधाकट होतं,
फक्त तिथे, दोन बोटांएवढ्या जागेत,
पलीकडचं दिसायचं.

पॉलिशपेपरची झीज खोटी, सगळीकडे सारखी.
तो बाजूला ठेवला.
दोन रात्री नुसत्या बोटांनी चोळलं.
एका सारसाचा पाय गेला त्यात.
नाव ठाऊक नसलेल्या त्या बाईची मी मोठ्यानं माफी मागितली,
शिकाऊ मुलगी दचकून उठली.

झगे सात होते हं एकूण.
उडायचा एक, पाठीत तारेच्या पट्ट्यासाठी फट ठेवलेला.
पावसाचे दोन. मरायचे तीन.
आणि हा, नुसतं उभं राहायचा.

नट तेवीस वर्षांचा. तोंडात च्युइंगगम,
मागे हिरवा पडदा, समोर पंख्याचा वारा.
त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं.
दिवे बदलेपर्यंत ताटकळत राहिला
आणि त्याचा हात आपसूक
त्या जागी गेला.
च्युइंगगम थांबलं.
दिग्दर्शकानं हळूच बोट वर केलं : चालू ठेवा.
चू बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.
खिशातल्या भाजक्या सूर्यफुलाच्या बिया
तेवढ्या माझ्या तळहातावर ओतल्या.

पडद्यावर चार सेकंद.
माझा चहा त्यांनी संगणकात चांदणं करून टाकला.
झगा आता भाड्याच्या गोदामात लटकतोय,
पुढच्या महिन्यात कुठल्याशा भुताच्या अंगावर जाईल.

काल आईचा फोन. एकविसावा भाग पाहिला म्हणे.
"एवढा मोठा सिद्ध, नि बाही विरलेली?
दोन टाके घालणारं कुणी नाही होय त्याला?
मला पाठव इकडे. पांढरा दोरा आहे माझ्याकडे.
सुई तेवढी ओवून पाठव, बाई.
मला आता दिसत नाही."