पाचव्या दिवसाचं पाणी

आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो.
बाप्तिस्म्याची टाकी भरायचं काम माझं:
छातीइतकी खोल, आतून निळा ऑइलपेंट,
तीन पायऱ्या धड, चौथी फुटलेली.
शुक्रवारी पहाटे साडेतीनला मोटर लावली.
रविवारी त्यात नर्सव्वा कोडम उतरणार होती.

अकरा वर्षं शेवटच्या बाकावर बसली ती.
पदराला तंबाखूचा वास,
प्रार्थनेतही बोटं पान वळत राहायची.
"हजार विडी झाली की देते नाव," म्हणायची.
हजारामागे उद्याचे हजार.

शनिवारी दुपारी, मांडीवर सूप,
तशीच कलंडली.

मग वाद.
पाळक म्हणाले, पाण्यातून गेल्याशिवाय दार नाही,
आणि दार माझं नाही.
आवाज कापत होता त्यांचा, हेही सांगायला हवं.
सिलास मास्तर जुन्या मिशनच्या मंडळीतले,
पाळण्यात असताना कपाळावर चार थेंब पडलेले.
म्हणाले, शेजारच्या खांबावरच्या चोराला
कुणी नेलं होतं नदीवर?
"त्याला वेळ नव्हता. हिला अकरा वर्षं होती."
"हिला कुठला वेळ, पाळकसाहेब? हिला विड्या होत्या."

मला दोघांचंही पटत होतं.
गिरणीच्या रंगखात्यात मी वीस वर्षं काढली.
बुडवल्याशिवाय सूत रंग धरत नाही, हे मला ठाऊक.
आणि कढईजवळ नुसतं टांगलेलं माझं बनियन
कायमचं लाल झालं, हेही.

तेवढ्यात तिची लेक बालमणी आली, दोन कळश्या घेऊन.
"मामा, आईला आंघोळ घालायला पाणी नाही.
नळ मंगळवारी."

मी पाळकांकडे बघितलं. ते टाकीकडे.
"घे," म्हणाले, "पाणीच आहे ते."
आणि आपलंच बोलणं ऐकून गप्प झाले.

कंबरभर उतरलो. कळशी बुडवली.
भरताना ती बोलली, बुडबुड, मग थांबली.

एक कळशी मास्तरांनी उचलली, गुडघा दुखतो तरी.
पाळक मागून बादली घेऊन,
घरकुलाच्या बोळातून, धोतर-पँट भिजवत.
बायकांनी आडोसा धरला, किनार चुकलेली चादर.
आत पाणी पडल्याचा आवाज.
बाहेर आम्ही तिघं, कुणी कुणाकडे बघेना.
एकदा पाळकांचे ओठ हलले.
काय म्हणाले, मला ऐकू आलं नाही.
म्हणजे आलं. सांगणार नाही.

रविवारी टाकी अर्धी होती.
निळ्या रंगावर ओल कुठवर होती
ती रेघ मी अजून पुसलेली नाही.