तुराट्या

रेवणच्या हातात चेंडू येत नाही.
म्हणजे येतो, पण त्याआधी डोळे मिटतात,
खांदे कानांशी जातात,
आणि चेंडू छातीवर आपटून
थेट गेटबाहेर, पंक्चरवाल्याच्या टपरीखाली.
पोरं हसतात.
सगळ्यांच्या आधी तो हसतो.
ते त्याचं आधी हसणं
मला रात्री भाकरी थापतानाही दिसतं.

चेंडू कपाटात टाकला. कुलूप लावलं.
घरून लेकीची जुनी ओढणी आणली, वर भिरकावली.
ओढणीला घाई नसते.
ती वाऱ्याशी दोन शब्द बोलत खाली येते,
डोळे मिटावेत असं तिच्यात काही नाही.
पहिल्या दिवशी त्याच्या डोक्यावर पडली, नवरीसारखी.
मग कोपरावर. मग एकदा मुठीत.
मूठ उघडून त्यानं बघितलं,
खरंच आहे का आत.

तुरीची रास झाल्यावर
महानंदाच्या शेतातून तुराट्यांची मोळी आणली.
मैदानात आडव्या मांडल्या,
आधी वीतभर, मग हातभर अंतरानं.
उडी चुकली तर काय होतं?
कट्ट. तुराटी मोडते, एवढंच.
चुलीत जायला तशीही मोडायचीच होती.
सलीमा म्हणाली, "म्याडम, मुद्दाम मोडू का?"
मोड म्हटलं.
मग सगळ्यांनीच मोडल्या.
त्या दिवशी शिकवणं असं काही झालं नाही.

नळावर त्याची आई भेटली.
"कशाला नाचवूलालाव त्याला? पडलं म्हंजे?"
"पडायलाच शिकवूलाले," म्हटलं.
तिनं घागर खाली ठेवली नाही.

गोणपाटाखाली सोयाबीनचं भुसकट पसरलं.
हनुवटी छातीला, गुडघे सैल,
हात पुढं टेकवायचे नाहीत, कुशीवर लोळायचं.
कुणी पुढं येईना.
पदर खोचला आणि मीच पडले,
एक्कावन्न वर्षांची, चष्मा सलीमाच्या हातात.
नेमके तेव्हाच केंद्रप्रमुख
औशाहून मोटारसायकलवर.
शेरापुस्तकात त्यांनी लिहिलं:
उपक्रम चांगला. पडण्याचा उद्देश नमूद करावा.

आता रान तडकलंय.
काळ्या मातीला एवढाल्या भेगा
की लेकराचं पाऊल आत बसावं.
आयतं आखलेलं मैदान, फक्की लागत नाही.
भेग टाळत चालायचं, मग भेगेवरून उडी,
मग बांधावरून, हात पसरून,
घारीसारखं म्हटलं तर
रेवण म्हणाला, "नाही, पाळण्यासारखं."
बरं, पाळण्यासारखं.

काल शाळा सुटल्यावर खिडकीतून बघितलं.
एकटाच होता बांधावर.
पडला. कुशीवर लोळला.
उठून चड्डी झाडली,
इकडंतिकडं बघितलं, कुणी नव्हतं.
हसला नाही.
परत चढला.

चेंडू अजून कपाटात आहे,
किल्ली माझ्या पर्समध्ये, गोळ्यांच्या पाकिटाशेजारी.
मागितला की देईन.
अजून मागितला नाही.