अवतरणचिन्हं

सत्तावीस वर्षं मी एकच काम केलं:
लोक बोलले त्याला
छापण्याआधी आंघोळ घालायची.
'अं', 'म्हणजे', 'ते हे' धुऊन काढायचं,
अडखळलेल्या वाक्याला हात देऊन
पलीकडच्या पूर्णविरामापर्यंत पोचवायचं.
नेब्रास्कातलं गाव, नऊ हजारांच्या खपाचा पेपर,
रात्रपाळी, कानाला टेप.

गव्हर्नरपदाच्या मतदानाला तीन आठवडे होते.
मार्लिस ओव्हरगार्ड, उमेदवाराची बायको,
मक्याच्या कोठाराशेजारी उभी राहून म्हणाली,
"इथला, अं, इथला वारासुद्धा ना,
थकल्यासारखा वाटतो."
कुणी हसलं नाही. एक कुत्रं भुंकलं.
मग तिनं कागदी कपातली कॉफी घेतली.

तिचा 'अं' मी तसाच ठेवला.
दोन्ही 'इथला' ठेवले.
आमचा संपादक हॉलिस खुर्ची मागं रेलून म्हणाला,
पोटातलं ओठावर आलं बाईच्या.
पहिल्या पानावर, सहा कॉलम:
आम्ही थकलेले?

अकरा दिवस चाललं ते.
ओमाहाहून टीव्हीची गाडी आली.
तिच्या बुटांची किंमत निघाली,
शाळेतला निबंध निघाला,
एका प्राध्यापकानं तर भुवयांचा अर्थ लावला.
कुणीतरी ट्रॅक्टरवर पाटी लावली,
'वारा ठणठणीत आहे'.
नवऱ्यानं आधी खुलासा केला, मग माफी मागितली,
मग माफीचा खुलासा.

आणि त्याच महिन्यात, सोळा तारखेला,
मांसाचा कारखाना बंद पडला. तीनशे चाळीस माणसं.
गव्हर्नरांच्या पत्नी डार्लीन ट्रॅस्क
फाटकापाशी आल्या, हातमोजे काढत म्हणाल्या,
"चला, आता तरी सगळ्यांना
रात्री घरच्यांबरोबर जेवता येईल."

टेप मी तीनदा ऐकली.
हॉलिस म्हणाला, जीभ घसरली गं,
सकाळपासून उभी आहे बिचारी.
मी अवतरणचिन्हं काढली.
चिन्हं निघाली की वाक्य कसं मऊ पडतं,
हाड काढलेल्या माशासारखं.
कठीण काळात कुटुंबाचा आधार मोठा असतो,
असं श्रीमती ट्रॅस्क यांनी सांगितलं.
पान सात, गवत कापायच्या यंत्रांच्या जाहिरातीखाली.

सिनेटला उभ्या असलेल्या बाईंचा नवरा ड्वेन
तर भरसभेत राज्याचं नावच चुकला.
कॅन्सस म्हणाला. लोक टाळ्या पिटून हसले,
आम्ही त्याचा पॅनकेक उलटतानाचा फोटो छापला.

ओव्हरगार्डबाई फार भल्या होत्या असं मी म्हणत नाही.
एकदा भेटल्या तेव्हा हात हातात होता
आणि नजर माझ्या खांद्यावरून मागच्या माणसावर.
मत कुणाला दिलं तेही सांगणार नाही.
पण माझ्या एकाच हाताला
दोन कान कसे फुटले होते,
हे हॉलिसनं कधी सांगितलं नव्हतं.
सांगावं लागलंच नाही,
हे जास्त वाईट.

माझा भाऊ एमिल त्या कारखान्यात होता.
बावीस वर्षं, दुसरी पाळी.
आता तो खरंच रोज रात्री
आमच्याबरोबर जेवतो.
बटाटे कापतो, बारीक, अजून बारीक,
आणि घड्याळात पाळी सुरू व्हायची वेळ उलटून गेली
की काटा खाली ठेवतो.

एकदा त्यानं सातवं पान दुमडून
ताटाशेजारी ठेवलं.
म्हणाला, मी फाटकाशीच होतो गं त्या दिवशी,
पण मागं. नीट ऐकू आलं नाही.
असंच म्हणाली का ती?

मी मीठ त्याच्याकडं सरकवलं.
जवळजवळ, म्हटलं.

त्यानं मान हलवली, कागद खिशात घातला
आणि सिगारेट ओढायला मागच्या पायरीवर गेला.
धूर सरळ वर जात होता.
बाहेर
वारा पडला होता.