काटा

डिंगवॉलच्या मागल्या गल्लीत
फार्कर मॅक्रे कट्यारी घडवतो.
अस्सल आहे संग्रहालयात, काचेआड;
तिच्या पात्याचा टवका
कुणाच्या हाडावर उडाला, ठाऊक नाही.
हा कानशीनं तेवढाच पाडतो, मोजून,
आणि चहाच्या काळ्या पाण्यात बुडवून
एका रात्रीत चढवतो
तीनशे वर्षं.

गिऱ्हाईक विचारतं, पोलाद कुठलं?
बापाच्या मासळीच्या व्हॅनचे पाटे, म्हणतो.
तेव्हाही मोडक्या तलवारीच कापायचे की!

म्यानाच्या पोटात आणखी एक खिसा,
त्यात इवलासा काटा, जेवणाचा.
पहिल्या कट्यारीचा तेवढा विकला नाही त्यानं.
दुपारी ऐरणीवरच डबा उघडून
थंड हेरिंग उकलतो त्यानं,
काटे काढून कडेला ठेवतो
एकेक,
बाप काढून द्यायचा तसे.