घोड्याचा रकाना

स्मरणिकेसाठी इतिहास द्या, म्हणाले कार्यवाह,
फक्त दोन पानं,
तिसरं ट्रॅक्टरवाल्यांच्या जाहिरातीला गेलंय.
मी आण्णांची वही काढली.
आण्णा प्रेसमध्ये नोटा मोजायचे,
आठवडाभर दुसऱ्याचे पैसे,
आणि रविवारी, उकिडवे बसून, विती.
पहारेपासून नालापर्यंत किती विती,
एवढाच त्यांचा छंद.

खेळ आला देवळालीहून.
तोफखान्याच्या खेचरांचे झिजलेले नाल
गोरे शिपाई संध्याकाळी फेकायचे एका खुंटीवर.
कासम नालबंद कमरेवर हात ठेवून बघत राहिला:
आम्ही जन्मभर ठोकतोय,
आणि हे फेकतायत!
पण घरी जाताना चार नाल पिशवीत होते.

मग नाशिकरोडचा टांगा स्टँड.
भुसावळ पॅसेंजर कधी वेळेवर आली नाही,
तीच या खेळाची खरी आई.
गाडी लेट, घोडी चंदीत तोंड घालून उभी,
आणि माणसं पहार रोवून
चाळीस फुटांवरून डोळे बारीक करतायत.
नाल पहारेला मिठी मारून बसला, तर घेर : तीन गुण.
नुसता टेकला, तर दोन.
वितीच्या आत पडला, तर एक.
वीत कोणाची, यावर पहिलं भांडण.
तेव्हापासून वीत आण्णांची.

पहिली राज्य अजिंक्यपद स्पर्धा बासष्ट साली.
राज्य म्हणजे मनमाडचे दोघे, इगतपुरीचा एक,
आणि पुण्याचा एक जण, जो लग्नाला आला होता.
बक्षीस हरभऱ्याचं पोतं,
ते घोड्याचं, मालकाचं नव्हे,
म्हणून वहीत घोड्याचं नाव आधी :
राणी. रंगनाथ ताजनपुरे. एकवीस गुण.
पुढच्या वर्षी पुन्हा राणी.
त्याच्या पुढे बिजली, याकूबची,
आणि समासात आण्णांचं बारीक अक्षर :
पोतं ओलं निघालं, बदलून दिलं.

रिक्षा आल्या.
घोड्याच्या रकान्यात एक-दोघांनी रिक्षाचा नंबर टाकला.
कोणी सायकल लिहिली, कोणी रेघ मारली.
ब्याऐंशी साली द्वारका बेंडकुळेनं
त्या रकान्यात लिहिलं : काही नाही.
सातपूरच्या कारखान्यातून पाळी संपवून आली होती,
डबा खांद्यालाच.
सलग चार घेर.
चौथ्याला पहार वाजली ती
आजही काहीजण तोंडानं वाजवून दाखवतात.

आता नाल घोड्याच्या पायातून येत नाहीत.
खोक्यातून येतात, लाल आणि निळे, वजन छापलेले.
कोल्हापूरचे येतात, नागपूरचे येतात,
अंतर मोजायला लेसरचं यंत्र आहे.
आण्णांचा पंजा आता कुठे मोजायला मिळणार?

अडलं ते एकाच पानावर.
ज्या वर्षी गंगेला पूर आला,
घरात कमरेइतकं पाणी, वही कपाटाच्या खालच्या फळीवर.
ते पान पुढच्याला चिकटलं.
वाफेवर धरून सोडवलं, तर शाई पलीकडे उलटी उमटलेली.
आरशात धरली.
गुण दिसतात, एकवीस.
मालकाचं नाव वाहून गेलंय.
घोड्याच्या रकान्यात एवढंच उरलंय : मो.

रंगनाथ नव्वदीचे. म्हणाले, मीच की.
राणी म्हातारी झालेली, तेव्हा मोती होता माझा.
याकूबचाचा खाटेवरून उठून बसले :
बिजलीनंतरची मोहिनी, तुझ्या आण्णांनी साखर भरवली होती तिला.
चिंधा बेंडकुळे, द्वारकाचा बाप, नुसता हसला :
मोऱ्या. एका डोळ्यानं आंधळा. लिहून घे.
तिघांचाही घसा दाटून आलेला.
फेकणारी माणसं,
पण यातला कोण आता फेकतोय, हे मी कसं मोजू,
माझी वीत केवढी.

दोन पानं पाठवून दिली.
रात्री कार्यवाहांचा फोन :
ताई, एके ठिकाणी छपाईची चूक दिसतेय,
विजेता, मो, एकवीस गुण,
पुढचं नाव राहिलंय बहुतेक.
म्हटलं, राहिलं नाही.
तो घोडा आहे.
तेवढं पोतं पोचतं करा.