पेल्याचा वाटा

कालामाची रात्रशाळा. बाकं सतरा, हजेरी सहा.
खिडकीबाहेर आताकामाचं वाळवंट,
दिवसभर तापून
अंधार पडला की सगळं उधळून मोकळं होणारं.
मी वाल्परायसोचा, समुद्राकाठचा माणूस.
फळ्यावर लिहितो :
तांब्यानं गमावलं ते पाण्यानं कमावलं.
वर बजावतो, उणे चिन्ह विसरू नका,
नाहीतर वहीत तांबं
निवता निवता तापत जाईल.

थर्माकोलचे दोन पेले, एकात एक.
पाणी शंभर ग्रॅम, अठरा अंशांवर.
भंगारातून आणलेला तांब्याचा तुकडा, ऐंशी ग्रॅम,
उकळत्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून
चिमट्यानं उचलला, टाकला पेल्यात.
चुर्र झालं. झाकण. ढवळणं.
पारा चढला तेवीसपर्यंत, आणि थांबला.

पाच अंश, शंभर ग्रॅम, चार पूर्णांक अठरा :
दोन हजार नव्वद ज्यूल पाण्याच्या खात्यात जमा.
तांबं शंभरावरून तेविसावर, म्हणजे सत्त्याहत्तर पायऱ्या खाली.
भागाकार केला.
शून्य पूर्णांक तीनशे एकोणचाळीस.
पुस्तक म्हणतं, तीनशे पंच्याऐंशी.
सहाही वह्यांत तीच तूट.
मी म्हणालो, पेला गळका आहे, उष्णता निसटली,
चालायचंच. लिहा : प्रायोगिक चूक.

यास्ना चोकेविल्कानं पेन खाली ठेवलं.
दिवसा ती खाणकामगारांचे डगले धुते,
हातांची कातडी सोड्यानं पांढरी पडलेली.
"सर, ते शंभर कुणी मोजलं?"

कुणीच नाही.
शंभर मी घेऊन आलो होतो,
बॅगेत, समुद्राच्या पातळीवरून,
घडी न मोडता.

ती उठली. थर्मामीटर उकळत्या भांड्यात धरला.
बुडबुड्यांचा नुसता धिंगाणा,
आणि आकडा ढिम्म :
ब्याण्णव, त्याच्या जरा वर.
एलिसेओनं गॅस मोठा केला. धिंगाणा वाढला.
आकडा तसाच.
"बंद कर," यास्ना म्हणाली, "उगाच जळतोय.
इथं पाणी लवकर उकळतं
पण त्यात काही शिजत नाही.
माझी आई हे भागाकाराशिवाय सांगते."

सत्त्याहत्तर खोडले.
एकोणसत्तर पूर्णांक चार.
पुन्हा भागाकार, या वेळी कुणी कुजबुजलंही नाही :
शून्य पूर्णांक तीनशे शहात्तर.

आणि ते उरलेले नऊ?
यास्नाच विचारते. तिला हिशेब पुरा हवा.
मी पेल्याला हात लावला. किंचित कोमट.
काही यानं घेतले. काही काचेच्या नळीनं.
काही चिमट्यातून येताना वाटेत, हवेनं.
ही चूक नाही, हा पेल्याचा वाटा.
लिहून ठेवा.
(असं मी आज म्हणतो.
तेव्हा नुसतं "हं" म्हणालो होतो
आणि फळा पुसत राहिलो,
शंभराची दोन शून्यं
खडूच्या धुळीत बराच वेळ दिसत होती.)

त्या रात्री घरी आलो.
चार वर्षं मी कोपऱ्यावरच्या वाण्याला
मनातल्या मनात शिव्या घालत होतो,
जुना, दगडासारखा घेवडा विकतो म्हणून.

पातेलं चढवलं. घट्ट झाकण लावलं.
झाकणावर ठेवला
खाणीतून कुणी भेट दिलेला
हिरव्या खनिजाचा दगड.
आणि खुर्ची ओढून बसलो,
ब्याण्णवच्या थोडं वर काय होतं
ते बघत.